हळदीच्या अडतीत टिकतील असे कीबोर्ड, माऊस आणि पॅड सुचवा (सांगली मार्केट यार्ड)

यार्ड_अडत
नमस्कार मंडळी. सांगली मार्केट यार्डात अडतीचं ऑफिस आहे. टेबलं चार. दोन टॅलीची (हिशेबाचं सॉफ्टवेअर), एक मराठीत हिशेबपट्ट्या आणि पत्रं टाइप करण्याचं (इन्स्क्रिप्ट म्हणजे सरकारी मराठी कीबोर्ड मांडणीत, ऑपरेटरची मिनिटाला ४० शब्दांची मराठी टायपिंग परीक्षा झालीय), एक मालकांचं, त्यावर फक्त मेल आणि भाव बघणं. सीझनला सौदे चालू असताना हळकुंडाची आणि गड्ड्याची धूळ आत येते, दार लावून उपयोग नाही. कीबोर्डच्या कीज अडकतात, स्पेसबार दाबला तर वर येत नाही. माऊस एका क्लिकला दोनदा क्लिक करतो. टेबलांवर काच आहे, कीबोर्ड खालच्या सरकत्या ट्रेवर.

विचारायचं असं: मेकॅनिकल घेतला तर टिकेल का? वायरलेस घ्यावा का? आणि पॅड कुठला, कारण कापडी पॅड आठवड्यात पिवळे होतात. बजेट टेबलामागे २,००० पर्यंत, मराठीच्या टेबलाला थोडं वर गेलं तरी चालेल.

कळफलक_मिरज
आधी कीबोर्डचं बोलतो. धुळीच्या जागी मेकॅनिकल टिकतोच असं धरून चालू नका. साध्या मेम्ब्रेन कीबोर्डात सर्किट दोन प्लॅस्टिक शीटच्या मध्ये बंद असतं, वर रबराच्या टोप्या. धूळ कॉन्टॅक्टपर्यंत सहसा जात नाही. अडकतो तो कीचा दांडा, ज्या नळीतून वरखाली होतो तिथं धूळ बसते म्हणून. स्पेसबार पहिल्यांदा अडकतो कारण त्याच्याखाली आडवी तार असते आणि ती दोन्ही टोकांना अडकवलेली असते. की काढून ब्रश मारला की काम भागतं.

मेकॅनिकलमध्ये प्रत्येक कीखाली वेगळा स्विच, आणि दांड्याभोवती फट उघडी. हळदीची बारीक पूड आत गेली की दोनच गोष्टी होतात: एकदा दाबलं तर दोन अक्षरं उमटतात, नाहीतर उमटतच नाही. टॅलीत रकमेत एक शून्य जास्त पडलं तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. दांड्याभोवती चौकोनी भिंत असलेले बॉक्स प्रकारचे स्विच धुळीला बरे, आणि हॉटस्वॅप बोर्ड असेल तर बिघडलेला एकच स्विच उपटून नवा बसवता येतो, सोल्डरिंग लागत नाही. पण २,००० मध्ये हे दोन्ही आणि वर नंबरपॅड, असं मिळणं कठीण.

म्हणून टॅलीच्या दोन टेबलांना आणि मालकांना वायर्ड, पूर्ण १०४ कीचा मेम्ब्रेन. लॉजिटेक के१२० या धर्तीचा. के१२० ला खाली पाणी निघून जायला भोकं आहेत, चहाच्या टेबलावर ती कामी येतात. असे कीबोर्ड साधारण ५०० ते ८०० ला मिळतात. एक जादा घेऊन कपाटात ठेवा, सीझनमध्ये दुरुस्तीला वेळ नसतो.

लॅपटॉपसारखे चपट्या कीचे कीबोर्ड मात्र अजिबात नकोत. कात्रीसारख्या पातळ प्लॅस्टिकवर की बसलेली असते, खाली कण गेला की ती एका बाजूनं दबते आणि काढायला गेलं की कडी मोडते. शिवाय त्यातल्या बऱ्याच कीबोर्डांवर एफ४, एफ५ या कीजना आधी आवाज-ब्राइटनेसचं काम दिलेलं असतं. टॅलीत एफ५ पेमेंट, एफ६ रिसिट, एफ८ सेल्स, एफ९ परचेस. दर वेळी एफएन धरून दाबायचं म्हणजे ऑपरेटर वैतागणार. दुकानात बॉक्सवरच्या फोटोवर जाऊ नका, कीबोर्ड जोडून एफ५ दाबून बघा.

टायपिंग_विश्रामबाग
टॅलीचं पटलं. मराठीच्या टेबलाला मात्र मी मेम्ब्रेन देणार नाही. दिवसभर इन्स्क्रिप्ट करणाऱ्या माणसाची बोटं वेगळ्याच कीजवर चालतात. "त्या" लिहायला एल, डी, स्लॅश, ई. हलन्त (अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह) डी वर, य स्लॅशवर. जोडाक्षरांमुळं डी ला विश्रांती नाही, आणि इंग्रजीत क्वचित लागणारी स्लॅशची की मराठीत सतत लागते. मेम्ब्रेनमध्ये की तळापर्यंत दाबावी लागते, आणि जास्त वापराच्या कीजची रबरं आधी ढिली पडतात. मग पत्रात हलन्त गळायला लागतात.

मेकॅनिकलचा नेहमीचा स्विच ४ मिलीमीटर खाली जातो, पण अक्षर २ मिलीमीटरलाच लागतं. लिनियर (मध्ये न अडखळता सरळ खाली जाणाऱ्या) लाल स्विचला साधारण ४५ ग्रॅम जोर, क्लिक आवाज करणाऱ्या निळ्याला जास्त. टीव्हीएस गोल्डसारखा क्लिकी कीबोर्ड टायपिंगला उत्तमच, फक्त आवाज मोठा, शेजारी फोनवर भाव चालू असेल तर कटकट होईल. किंमतही तुमच्या २,००० च्या वर जाते. धुळीचा मुद्दा बरोबर आहे, त्यासाठी काम संपलं की कीबोर्डवर झाकण टाकायचं. प्लॅस्टिकचं कडक झाकण किंवा जाड कापड, काहीही चालतं. सौदे चालू असताना हे टेबल दारापासून लांब ठेवता आलं तर अजून बरं.

घेताना या जागा बघा:

डावी शिफ्ट लांब हवी. ळ म्हणजे शिफ्ट-एन, श म्हणजे शिफ्ट-एम, सगळं डाव्या शिफ्टवर. काही कीबोर्डांना डावी शिफ्ट आखूड करून शेजारी एक जादा की घातलेली असते, तिथं करंगळी हमखास चुकते.

स्लॅशची की पूर्ण आकाराची हवी. लहान बोर्डांवर वर जाणारा बाण बसवायला उजव्या कोपऱ्यातल्या कीज दाटीवाटीनं बसवतात आणि स्लॅश तिथंच असते.

बॅकस्लॅश एंटरच्या वर, जागच्या जागी हवी. इन्स्क्रिप्टमध्ये ॉ आणि शिफ्टनं ऑ तिथं आहे. "ऑफिस", "डॉक्टर", "कॉलम" रोज लागतात. उभ्या मोठ्या एंटरच्या कीबोर्डात ही की भलतीकडे सरकलेली असते.

उजवी ऑल्ट असावी. इंग्लिश इंडिया लेआउटमध्ये उजवी ऑल्ट आणि ४ दाबलं की ₹ येतो. ती नसेल तर कंट्रोल-ऑल्ट-४ करायचं, चालतं, पण एक की जास्त दाबावी लागते.

दुकानात नोटपॅड उघडून "दऱ्याखोऱ्यांतल्या" एवढं एक लिहून बघा. ऱ्य साठी शिफ्ट-जे, डी, स्लॅश. डावी शिफ्ट, हलन्त आणि य तिन्ही एका शब्दात तपासून होतात.

देवनागरी छापलेला कीबोर्ड तुमच्या ऑपरेटरला नकोच आहे, त्याची बोटं बघत नाहीत. बदली माणसासाठी हवा असेल तर स्टिकर लावा, पण पारदर्शक पाठीचे घ्या. कागदी पांढरे स्टिकर घामानं कडेला सुटतात आणि त्या डिंकाला धूळ चिकटते.

कळफलक_मिरज
डी ची रबर ढिली पडते हे मान्य, पण ६०० चा कीबोर्ड दोनदा बदलला तरी एका मेकॅनिकलपेक्षा स्वस्तच की. झाकण रोज टाकणारा ऑपरेटर असेल तरच मेकॅनिकल घ्या. नाहीतर तीन महिन्यांत डबल अक्षरांची तक्रार घेऊन इथंच परत याल.

रिपेअर_शंभरफुटी
माऊसवर कुणीच बोललं नाही, म्हणून.

एका क्लिकला दोन क्लिक, यात धुळीचा दोष कमी. डाव्या बटणाखाली छोटा मायक्रोस्विच असतो, आत तांब्याची पातळ पट्टी. वापरून तिचा ताण जातो, टोक काळवंडतं, आणि दाबल्यावर कॉन्टॅक्ट एकदा लागून सुटून पुन्हा लागतो. आधी विंडोज तपासा: फोल्डर ऑप्शन्समध्ये "सिंगल क्लिक टू ओपन" चालू राहिलेलं नाही ना. ते नसेल तर एखादी फाइल धरून स्क्रीनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला ओढा. वाटेत सुटली की स्विच गेला. तीन पायांचा स्विच बदलता येतो, स्क्रू बहुतेक वेळा खालच्या पायपट्ट्यांखाली लपलेले असतात. पण ३०० च्या माऊसला मजुरीच जास्त होईल. नवा घ्या.

धूळ दोन ठिकाणी नडते. चाकाची फिरकी मोजणाऱ्या भागात (एन्कोडर) गेली की खाली स्क्रोल करताना पान मधेच वर उडी मारतं. लेन्सच्या खाचेत गेली किंवा एखादा केस अडकला की कर्सर थरथरतो. खाच कोरड्या इअरबडनं फिरवून साफ करा. तोंडानं फुंकू नका, थुंकीच्या शिंतोड्यावर पूड घट्ट बसते.

काचेवर माऊस नीट चालणार नाही, कितीही महागातला साधा ऑप्टिकल घ्या. सेन्सर पृष्ठभागाचे भराभर फोटो काढून आधीच्या फोटोशी ताडून बघतो. स्वच्छ काचेवर त्याला धरायला खूणच नसते. काचेखाली कागद सरकवूनही उपयोग नाही, सेन्सरचा फोकस काचेच्या वरच्या पातळीवर असतो.

डीपीआयच्या (माऊस इंचभर हलवला की कर्सर किती ठिपके सरकतो त्या) आकड्यांना भुलू नका. फुल एचडी मॉनिटरला १,००० ते १,६०० डीपीआय भरपूर झाले. बॉक्सवरचे १२,००० हे गेमवाल्यांसाठी. त्यापेक्षा आकार बघा: मनगटाच्या रेघेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजा. १७ सेंटीमीटरच्या आत असेल तर छोटा, १९ च्या वर असेल तर मोठा. लहान माऊस मोठ्या हातानं दिवसभर चिमटीत धरला की अंगठ्याचं मूळ दुखतं. वायर जिथं माऊसमधून बाहेर येते तिथं जाड रबरी गळा आहे का तेही बघा, वायर तुटते ती तिथंच. दोन्ही हातांना चालणारा सरळ आकाराचा घेतला तर अजून एक फायदा, हवा तेव्हा डावीकडे घेता येतो.

वायरलेस: ठरलेल्या टेबलावर त्याचा फायदा शून्य. घेतलाच तर रिसिव्हर सीपीयूच्या मागच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टात लावू नका. त्या पोर्टाचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झवरच येतो आणि कर्सर अडखळतो. पुढच्या काळ्या यूएसबी २ पोर्टात लावा, किंवा एक मीटरच्या एक्स्टेंशननं टेबलावर आणा. सीझन संपल्यावर टेबल बंद राहणार असेल तर सेल काढून ठेवा, आत फुटला की स्प्रिंगा गंजतात.

यार्ड_अडत
ट्रेबद्दल विचारतो. आमची ट्रे आतून ५२ सेंटीमीटर आहे. कीबोर्ड ठेवला की माऊस वर काचेवरच जातो. मालकांचा खांदा दुखतो ते यामुळंच का? आणि पॅडचं राहिलं.

टायपिंग_विश्रामबाग
खांदा दुखायला तेवढं कारण पुरेसं आहे. पूर्ण कीबोर्ड ४४-४५ सेंटीमीटर, पॅडला कमीत कमी २२. म्हणजे ७० सेंटीमीटरच्या खाली ट्रे उपयोगाची नाही. माऊस वर आणि कीबोर्ड खाली असला की प्रत्येक वेळी हात उचलून पुढं न्यावा लागतो. सुताराकडून ७० ते ७५ ची फळी चॅनेलवर बसवून घ्या. फळी आणि टेबलाची खालची बाजू यात १० सेंटीमीटर मोकळे सोडा. मेकॅनिकल कीबोर्डची उंची जास्त असते, जागा कमी पडली तर बोटांचे सांधे वर घासतात. कोपर काटकोनात आणि खांदे सैल राहतील ती उंची बरोबर.

सुतार नको असेल तर टॅलीच्या टेबलांवर माऊस डावीकडे घ्या. उजवा हात नंबरपॅडवरच असतो, टॅलीत माऊस तसाही कमी लागतो. सरळ आकाराचा माऊस घ्या म्हणतात ते यासाठी. विंडोजमध्ये बटणं उलटी करायची गरज नाही, बहुतेकांना तशीच सवय होते.

यादवनगर_पुरवठा
पॅड. हळदीच्या ऑफिसात कापडी पॅड घ्यायचा तर काळाच, आणि कडेला शिलाई असलेला. खरं तर रेक्झिनची पातळ मॅट घ्या, २ मिलीमीटर. कोरड्या फडक्यानं पुसली की झालं. खालची बाजू हात लावून बघा, गुळगुळीत असेल तर काचेवर घसरते. रबर किंवा सुएड हवी. चकचकीत रेक्झिन नको, मॅट फिनिश हवं, नाहीतर सेन्सरला पुन्हा काचेसारखाच त्रास.

कापडी असेल तर धुण्याची पद्धत. आधी उलटा धरून झटका आणि कोरडा ब्रश मारा. पूड असताना पाणी लावलं की रंग धाग्यात उतरलाच. मग कोमट पाण्यात थोडा शाम्पू, मऊ ब्रश, पिळायचा नाही, टॉवेलवर दाबून पाणी काढायचं. कपड्याचा साबण किंवा सोडा लावू नका, हळद खाराला लागली की लालसर तपकिरी होते. कुंकू तसंच तर करतात. उरलेला पिवळा डाग ऊन खातं. कापडाची बाजू वर करून तासभर उन्हात, मग पंख्याखाली पूर्ण वाळेपर्यंत. रबराची बाजू उन्हात ठेवली तर ती चिकट होते आणि काचेवर काळा ठसा सोडते.

जेलचे मनगट-उशीवाले पॅड मालकांना कुणी गळ्यात मारायला बघेल. मनगटाच्या आतल्या बाजूनं नस जाते, माऊस हलवताना तिथंच दाब पडतो. घेऊ नका.

रिपेअर_शंभरफुटी
साफसफाईचं थोडं राहिलं. आठवड्यातून एकदा वायर काढून कीबोर्ड उलटा करायचा, पाठीवर थापट्या, मग १ इंची रंगाचा मऊ ब्रश. कीजवरचा चिकटपणा आयसोप्रोपाइल अल्कोहोल फडक्याला लावून पुसायचा, कीबोर्डवर फवारायचा नाही. गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, त्यात पाणी असतं आणि कीज उडतात. चहा सांडला तर लगेच वायर काढून उलटा ठेवा, दोन दिवस लावू नका. सुकल्यावर साखर राहतेच, त्या कीज काढून ओल्या फडक्यानं पुसाव्या लागतील.

बिल जीएसटी नंबर टाकून घ्या, १८ टक्के आहे. तुमची नोंदणी नेहमीची असेल, कंपोझिशन (लहान धंद्यांची ठोक दराची योजना) नसेल, तर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं. वॉरंटीलाही तेच बिल लागतं. नामांकित ब्रँडच्या बॉक्सवर एमआरपीचं लेबल, आयातदाराचा पत्ता आणि सिरियल नंबर बघा. बॉक्सवरचा आणि वस्तूखालचा नंबर जुळला नाही तर तिथंच परत द्या.

यार्ड_अडत
झालं मग. तीन टेबलांना मेम्ब्रेन आणि एक कपाटात जादा, मराठीला मेकॅनिकल लाल आणि झाकण, चारही माऊस वायर्ड सरळ आकाराचे, रेक्झिन मॅट. ट्रेचं माप सुताराला आजच देतो. एकच राहिलं, सीझन संपल्यावर जुने कीबोर्ड ठेवायचे कसे?

कळफलक_मिरज
ब्रश मारून, जाड पिशवीत, सिलिकाच्या दोन पुड्या टाकून. पावसाळ्यात उरलेली पूड ओल धरते आणि नळीत घट्ट होते, म्हणून आधी साफ, मग पिशवी. वायर कीबोर्डला गुंडाळू नका, सैल वेटोळं करून वेगळी बांधा.