कॉलनीचा हिवाळी लोककला महोत्सव (नाशिक): कलावंत, मैदान, आवाज आणि हस्तकलेबद्दल सल्ला हवा

गंगापूररोडकर
नमस्कार मंडळी. आमच्या रहिवासी संघातर्फे जानेवारीत शनिवार-रविवार असा दोन दिवसांचा लोककला महोत्सव करायचं ठरतंय. जागा कॉलनीचं मोकळं मैदान, अंदाजे १२० बाय ८० फूट. एका कडेला मोठा वड आहे, पलीकडे शाळा आहे. एका वेळी ५००-६०० माणसं धरतोय. मंडपवाल्याने ३० बाय २० फुटांचं स्टेज, चार टॉप (शब्द-सुरांचे स्पीकर), चार बेस (धुमाचे मोठे स्पीकर) आणि वर पूर्ण कापडी मंडप असा हिशेब दिलाय.

डोक्यात आहे ते असं: तारपा आणि पावरी (दोन्ही आदिवासी वाद्यांवरचे नाच), बोहाडा (मुखवटे घालून सोंगं नाचवण्याचा उत्सव), शाहिरी, गोंधळ, गोष्टी सांगणारे कोणी जुने कथेकरी, शिवाय पैठणी, वारली, तांब्या-पितळेचं काम. यातलं काय घ्यावं, कशाला किती जागा आणि वेळ लागतो, आणि काय हमखास फसतं ते सांगा. बजेट बेताचं आहे, पण कलावंतांच्या मानधनात काटकसर करायची नाही हे नक्की.

सावळघाट
सगळ्यात आधी स्टेजचा आकार कमी करा. तारपा आणि पावरी हे जमिनीवरचे नाच आहेत. तारपकरी मध्ये चालतो आणि कमरेत हात गुंफलेली साखळी त्याच्या मागे वळत जाते. तो दिशा बदलतो तशी सगळी साखळी वळते, आणि तारप्याकडे कोणी पाठ करत नाही. ३० बाय २० च्या स्टेजवर साखळी कोपऱ्यात अडकते, मग एका रांगेत प्रेक्षकांकडे तोंड करून नाचायला लावतात. त्यात नाचाचा जीवच जातो. १५-२० नाचणाऱ्यांना ३५ ते ४० फूट व्यासाचं सपाट रिंगण लागतं. खडी वेचून घ्या, कारण नाच अनवाणी असतो. आदल्या दिवशी पाणी मारून रोलर फिरवा. नाचाच्या दिवशी पाणी मारलंत तर पाय घसरतात.

तारपा म्हणजे सुकवलेला दुध्या भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा, सगळं मेणाने सांधलेलं. दुपारच्या उन्हात बंद गाडीत ठेवला किंवा हॅलोजनजवळ टेकवला की मेण मऊ पडतं, सांध्यातून हवा सुटते आणि सूर जातो. त्यामुळे ठेवायला सावलीची जागा द्या. गाडी ठरवताना सगळं पथक मावेल एवढी मोठी सांगा आणि तारपा टपावर बांधू देऊ नका, आतच राहू दे. तारपकरी दम न तोडता वाजवतो. सलग १५-२० मिनिटांचा एक फेरा धरा आणि दोन वादक बोलवा, म्हणजे आलटून पालटून तासभर नाच चालतो. "पाच मिनिटांत आटपा" असं सांगायचं असेल तर बोलावूच नका, कारण साखळीला लय सापडायलाच पाच मिनिटं जातात.

पावरीच्या नाचात माणसांवर माणसं चढून मनोरे होतात. त्या रिंगणावर झालर नको, वायर नको, लायटिंगच्या माळा नकोत. वरून आकाश मोकळं हवं.

आता बोहाडा. तो जानेवारीत मागू नका. पेठ, सुरगाणा, मोखाड्याकडचा बोहाडा उन्हाळ्याच्या तोंडावर होतो. मुखवट्यांची पूजा असते, कोणतं सोंग कोणत्या घराण्याने नाचवायचं ते ठरलेलं असतं. बिनहंगामी, अर्ध्या तासाचा बोहाडा मागितला तर चांगली मंडळी नाही म्हणतात, आणि हो म्हणणारे काय आणतील याची खात्री नाही. त्यापेक्षा मुखवटे घडवणाऱ्या कारागिराला बोलवा. कागदाच्या लगद्याचा मुखवटा कसा चढत जातो ते दोन दिवसांत टप्प्याटप्प्याने दाखवता येईल. कोरे मुखवटे त्यांना घरूनच वाळवून आणायला सांगा. थंडीत लगदा दोन दिवसांत वाळणार नाही, मग रंगवून दाखवायला हातात काहीच उरत नाही.

दिमडी
शाहिरी आणि गोंधळाबद्दल लिहिते. नाशिकच्या जानेवारीत खरा त्रास चामड्याचा. दुपारी हवा कोरडी, डफ टणटणीत बोलतो. सूर्य साधारण सव्वासहाला मावळतो. आठच्या पुढे गारवा आणि दमट हवा धरली की तेच चामड्याचं पान सैल होऊन भद्‌भद वाजायला लागतं. यावर उपाय एकच, स्टेजमागे घमेल्यात धगधगीत निखारे. ज्वाळ नको आणि धूरही नको. घमेलं चार विटांवर ठेवा, शेजारी वाळूची बादली. डफ वीतभर अंतरावर उभा धरून फिरवत शेकायचा, मध्येमध्ये बोटाने टिचकी मारून सूर बघायचा. एकाच जागी धरला तर पान तडकतं. संबळही असंच शेकतात. ढोलकी मात्र शेकोटीजवळ नेऊ नका, शाईला (मधल्या काळ्या लेपाला) भेगा जातात. ती वादक आपल्या पद्धतीने चढवतो, त्याला कार्यक्रमाआधी शांत १५ मिनिटं द्या. निवेदकाचा माइक चालू असताना ढोलकी लागत नाही.

गोंधळ ठरवताना फोनवरच स्पष्ट बोलून घ्या की हा कुलाचार नसून कार्यक्रम आहे. चौक मांडायचा का, घट बसवायचा का, हे गोंधळ्यांना ठरवू द्या. मांडला तर त्यासमोर चपला घालून कोणी जाणार नाही याची जबाबदारी तुमची. दिवटी पेटती असते आणि तिच्यातून तेल ठिबकतं. तुमचा तो कापडी मंडप इथे धोक्याचा आहे. गोंधळाच्या जागेवर कापड नकोच, आणि खाली सिंथेटिक कार्पेटऐवजी सुती सतरंजी.

गाणाऱ्यांना गार पाण्याच्या बाटल्या देऊ नका, थर्मासमध्ये कोमट पाणी ठेवा. जेवण कार्यक्रमानंतर गरम मिळेल असं बघा. आधी फक्त चहा आणि थोडं काही पोटाला.

फेडरवर बोट
आवाजाचं काम करणाऱ्याच्या नजरेतून. चार बेस परत पाठवा. ५०० माणसांना दोन टॉप पुरतात, माणसाच्या डोक्याच्या वर जातील असे उंच स्टँडवर आणि तोंड थोडं खाली. बेस लावले की डफ आणि ढोलकीचा धुम एकमेकांत मिसळून नुसता गडगडाट होतो, शाहिराचा शब्द कळत नाही. पोवाडा ऐकायचा तो शब्दांसाठी.

माइक असे: शाहिराला एक, झीलकऱ्यांना (मागे साथीला गाणाऱ्यांना) दोन, ढोलकीला दोन्ही तोंडांना मिळून दोन, तुणतुण्याला स्वतंत्र एक. तुणतुण्याचा माइक हमखास विसरतात आणि मग ते फक्त फोटोत दिसतं. माइक तुणतुण्याच्या नळकांड्यापासून टीचभर अंतरावर, आणि मॉनिटरकडे (कलावंतांसमोरच्या स्पीकरकडे) त्याची पाठ. संबळाला माइक लागत नाही. तारपा आणि पावरीलाही नाही. रिंगणाभोवती लोक उभे राहिले की ४० फुटांवर नुसत्या कानाने उत्तम ऐकू येतं.

नाशिक ढोल ठेवणार असाल तर शनिवारी चारच्या सुमाराला, मैदानाबाहेरच्या रस्त्यावर, सुरुवातीच्या मिरवणुकीपुरता. त्याच्यानंतर लगेच कथाकथन ठेवू नका, कान अर्धा तास बधिर असतात.

नियम: रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. शाळा शेजारी आहे म्हणताय, तर तो पट्टा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर आहे का हे पोलीस ठाण्यात आधीच विचारा. पत्रिका छापून झाल्यावर हे कळलं तर जागाच बदलावी लागते.

गंगापूररोडकर
खूप उपयोगी. बेस आणि मोठं स्टेज रद्द करायला सांगतो. म्हणजे एक रिंगण आणि एक छोटं स्टेज, बरोबर? कथेकऱ्यांचं कुठे बसवायचं? आणि हस्तकलेचे स्टॉल एका ओळीत लावले तर चालतील का?

कणसरी
कथेकऱ्यांना त्या वडाखाली बसवा, स्टेजवर नको. तुमच्याकडे एवढी चांगली जागा आयती आहे.

कोकणा आदिवासी समाजातलं थाळगान मिळालं तर तेच आधी घ्या. काशाची थाळी, तिच्या मधोमध मेणात उभी केलेली बारीक काडी. कथेकरी त्या काडीवरून चिमटीने वरून खाली बोटं ओढतो आणि थाळीतून एक अखंड, घुमणारा सूर निघतो. त्या सुरावर कथा चालते. आवाज अगदी नाजूक असतो. १०० माणसं, जमिनीवर बसलेली, पहिली ओळ पाच-सहा फुटांवर. थाळीपाशी एक छोटा माइक आणि मागे एकच स्पीकर, हळू आवाजात. जनरेटर त्या कोपऱ्यापासून जितका लांब नेता येईल तितका न्या.

या कथा रात्र-रात्र चालतात. "४५ मिनिटांत बसवा" असं सांगण्यापेक्षा "४५ मिनिटांचा कोणता भाग सांगाल?" असं कथेकऱ्यालाच विचारा. काही कथा मृत्यूनंतरच्या विधीत सांगायच्या असतात, त्या तो अशा ठिकाणी सांगणार नाही आणि आग्रहही करू नये. सुगीनंतरच्या दिवसांत कणसरीची, म्हणजे धान्यदेवतेची कथा शोभते. बोली शहरातल्या लोकांना सगळी कळणार नाही, म्हणून आधी तीन-चार मिनिटांत कथेचा सारांश सांगावा. मध्ये थांबवून भाषांतर अजिबात नको. सूर एकदा तुटला की परत बांधायला वेळ जातो.

दुसऱ्या दिवशी तिथेच अहिराणी बोलीतली गाणी ठेवा. बागलाण, मालेगाव, कळवणकडची कितीतरी कुटुंबं नाशिकला स्थायिक आहेत. कानबाईची (खानदेशातल्या देवीची) गाणी म्हणणाऱ्या बाया तुमच्याच कॉलनीत निघतील, फक्त सोसायटीच्या ग्रुपवर विचारा. आणि वासुदेव मिळाला तर त्याला संध्याकाळी स्टेजवर उभं करू नका. रविवारी सकाळी सातला कॉलनीच्या गल्ल्यांतून फिरू द्या, लोक दारात येतील.

येवलेकर
हस्तकलेचं: एका ओळीत नको. तांबटाचा ठोका, कथेची थाळी आणि पैठणीचा माग हे शेजारी नांदत नाहीत.

तांबटकाम आणि कल्हई मैदानाच्या वाऱ्याखालच्या टोकाला ठेवा. संध्याकाळी वारा कुठून येतो ते आठवडाभर आधी बघून घ्या. कल्हई लोकांना फार आवडते: भांडं भात्यावर तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, कथिल लावून कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवायचं की काळवंडलेलं पातेलं क्षणात चांदीसारखं होतं. पण नवसागराचा पांढरा धूर घशाला आणि डोळ्यांना झोंबतो. कापडाखाली नकोच, आणि मुलांना दोरीच्या अलीकडे सहा फुटांवर. लोकांना घरची पितळी भांडी आणायला सांगा, कारागिराला थेट काम मिळतं. भांडं स्वच्छ घासून आणायला हवं, तेलकट राहिलं तर कल्हई धरत नाही.

पैठणीचा पूर्ण माग हलवत नाहीत, प्रात्यक्षिकाचा छोटा माग मागा. जमीन अगदी समपातळीत लागते, आठ बाय आठ फूट आणि वर पांढरा दिवा. पिवळ्या दिव्यात रेशमाचे रंग खोटे दिसतात. पदरावरचा मोर विणताना प्रत्येक रंगाची वेगळी तिली (धाग्याची छोटी कांडी) असते, ती ठरावीक धाग्यांतून काढून शेजारच्या रंगात अडकवायची. दहा फुटांवरून यातलं काही दिसत नाही. एका वेळी आठ माणसं, जवळून. रात्री माग प्लास्टिकने नव्हे, आधी सुती चादरीने आणि वरून ताडपत्रीने झाका. नुसत्या प्लास्टिकखाली दव साचून ताणा (मागावरचे उभे धागे) ओलसर होतो.

तारीख निवडताना १३ ते १५ जानेवारी टाळा. येवल्यात पतंगांचे दिवस असतात, त्या तीन दिवसांत येवल्याचा माणूस गाव सोडत नाही.

वारलीची कार्यशाळा सकाळी घ्या, संध्याकाळी रंग वाळत नाही. ३० जणांना पाव किलो बारीक तांदळाचं पीठ आणि ४०-५० ग्रॅम डिंक पुरतो. डिंक आदल्या रात्री कोमट पाण्यात भिजवून गाळून घ्या. डिंक कमी पडला तर वाळल्यावर पीठ झडतं, पीठ दाट झालं तर रेघेला भेगा जातात. कापडाला गेरूचा हात दोन दिवस आधीच देऊन ठेवा. ब्रश वाटू नका, बांबूची काडी टोकाला ठेचून कुंचला कसा करायचा ते कलाकारच दाखवतील.

सावळघाट
मानधनाचं राहिलं. पथकाशी माणशी बोलणी करा, प्रवास आणि मुक्काम वेगळा. निम्मी रक्कम आधी, उरलेली कार्यक्रम संपल्यावर त्याच रात्री. "चेक नंतर पाठवतो" हे पेठ-सुरगाण्याच्या माणसाला परवडत नाही, बँकेची एक फेरी म्हणजे एक दिवसाची मजुरी. रात्री घाटातून परत पाठवू नका. पेठ ५०-५५ किलोमीटर, सुरगाणा त्याहून बरंच पुढे, आणि जानेवारीत घाटात धुकं उतरतं. माणशी गादी आणि दोन ब्लँकेट, सकाळी अंघोळीला गरम पाणी. जेवणात नागलीची भाकरी, कुळथाचं पिठलं, भात. स्टॉलवर विकायला नागली आणि खुरासणी आणणार असतील तर त्यांच्याकडून स्टॉलचं भाडं घेऊ नका.

गंगापूररोडकर
सगळ्यांचे मनापासून आभार. जानेवारीचा चौथा शनिवार-रविवार धरतोय.

शनिवार: ४ वाजता ढोल, ५ ते ६ तारपा, ६:३० ते ७:१५ वडाखाली थाळगान, ७:३० ते ९ शाहिरी. रविवार: ७ वाजता वासुदेव, १० ते १२ वारली, ५ ते ६ पावरी, ६:३० ला अहिराणी, ७:३० ते ९ गोंधळ. स्टॉल दोन्ही दिवस ११ ते ८. स्टेज १६ बाय १२, दीड फूट उंच.

दिमडी
तांबटाला दोन्ही दिवस ६:१५ ला थांबायला सांगा, नाहीतर वडाखाली ठोके ऐकू येतील. थाळगान आणि शाहिरीमध्ये १५च मिनिटं ठेवलीत, ती पुरणार नाहीत, डफ शेकायला आणि माइक तपासायलाच २५ लागतील. शाहिरी ७:४० ला घ्या.

फेडरवर बोट
आणि अर्ज महिनाभर आधी: मैदान मनपाचं असेल तर विभागीय कार्यालय, मग पोलीस ठाणं, अग्निशमन, महावितरणची तात्पुरती जोडणी. मैदानाचं पत्र हातात असल्याशिवाय पुढचे अर्ज सरकत नाहीत, म्हणून सोमवारी आधी तेच टाका.