शब्दचर्चा: नॉनकन्फॉर्मिस्ट चर्च आणि त्याचे ‘चर्च बुक’

प्रश्न: इंग्लंडमधल्या बेडफर्डच्या ‘बन्यन मीटिंग’ या ख्रिस्ती मंडळीचा (एकत्र उपासना करणाऱ्या गटाचा) उगम आणि तिथली जुनी कागदपत्रे यांवर मराठीत लिहिते आहे. ‘नॉनकन्फॉर्मिस्ट’ला ‘परंपराविरोधी’ म्हणावे का?

प्रतिसाद १: नको, त्याने ही माणसे नास्तिक वाटतील, आणि होती ती चांगलीच कर्मठ. १६६२च्या कायद्याने चर्च ऑफ इंग्लंड या सरकारमान्य पंथाचे प्रार्थनापुस्तक जसेच्या तसे मानण्याची सक्ती केली, ती ज्यांनी झुगारली ते हे. ‘विसंमत’ म्हणा.

प्रतिसाद २: ‘विसंमत’ ठीक, पण सरसकट नको. बेडफर्डचा गट १६५०चा, म्हणजे कायद्याच्या आधीचा. त्यांचे पहिले पाळक जॉन गिफर्ड तर पुढे सेंट जॉन्स या सरकारमान्य चर्चचेच रेक्टर (प्रमुख धर्मगुरू) झाले! १६६०मध्ये इंग्लंडात राजेशाही परतल्यावर या लोकांना तिथून बाहेर पडावे लागले. ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’चा लेखक जॉन बन्यन त्याच वर्षी तुरुंगात गेला, १६७२मध्ये या गटाचा पाळक झाला आणि तेव्हाच गटाने सभेसाठी एक कोठार विकत घेतले. तेव्हा १६५०च्या संदर्भात ‘स्वतंत्र मंडळी’ लिहा.

प्रतिसाद ३: ‘मंडळी’ला माझेही मत. इथे चर्च म्हणजे इमारत नव्हेच; आजची वास्तू १८५०च्या सुमाराची आहे. १६५६पासूनच्या ‘चर्च बुक’मध्ये कुणाला सभासद करून घेतले, कुणाला समज दिली, कुणाला काढले हे सापडते. ‘मंडळीची वही’ म्हटले की हे आपल्याकडच्या ख्रिस्ती वाचकाला लगेच कळेल. तिला ‘जन्म-मृत्यू नोंदवही’ मात्र म्हणू नका.

प्रश्नकर्ती: मग विसंमतांचे बाप्तिस्मे आणि लग्ने कुठे शोधायची?

प्रतिसाद २: बाप्तिस्मा आणि जन्म वेगळे ठेवा. बॅप्टिस्ट लोक तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत, म्हणून त्यांच्या रजिस्टरांत जन्माची नोंद असते. लग्नांचे तर विचारूच नका: १७५४पासून १८३७पर्यंत क्वेकर (एक विसंमत ख्रिस्ती पंथ) आणि ज्यू सोडून सगळ्यांना लग्न सरकारी चर्चमध्येच लावावे लागे, त्यामुळे कट्टर विसंमताचे लग्नही तिथल्याच वहीत. १८३७मध्ये नागरी नोंदणी आल्यावर विसंमतांची हजारो रजिस्टरे सरकारने मागवून घेतली. ती आज लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. खुद्द बन्यनचा १६२८चा बाप्तिस्मा मात्र बेडफर्डजवळच्या एल्स्टो गावच्या पॅरिश (सरकारी) चर्चच्या दप्तरात.

प्रश्नकर्ती: ठरले. ‘विसंमत मंडळी’, ‘मंडळीची वही’, आणि ‘रजिस्टर’ तसेच.

प्रतिसाद १: जमल्यास हेही घाला, की बन्यनचे ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ हरि केशवजींनी १८४१मध्ये ‘यात्रिक क्रमण’ नावाने मराठीत आणले होते.