मदत हवी आहे: ६८ टनी रणगाडा आणि पुलाचा वर्ग

टी-९० आणि अर्जुन मार्क-१ए या रणगाड्यांच्या वजनाची तुलना करतोय, पण पुलापाशी येऊन अडलोय.

टी-९० साधारण ४६.५ टन, १००० अश्वशक्ती; अर्जुन सुमारे ६८ टन, १४०० अश्वशक्ती. भागाकार केला तर टनामागे २१.५ आणि २०.६, म्हणजे चपळाईत फारसा फरक नाही. (जड म्हणजे सुस्त हा समज इथेच गळून पडतो.) जमिनीवरचा दाबही रुंद ट्रॅकमुळे आटोक्यात राहतो. रणगाड्यात तीन जण विरुद्ध चार जण, ऑटोलोडर (तोफेत गोळा भरणारं यंत्र) विरुद्ध माणूस, हेही वाचून झालंय. त्यात पुन्हा शिरायचं नाही.

अडचण अशी: ट्रॅकवाल्या वाहनांसाठी एमएलसी (पूल आणि वाहनांचा लष्करी भार-वर्ग) वर्गाचा आकडा ढोबळमानाने शॉर्ट टनात (सुमारे ९०७ किलोचा टन) धरतात. तसं असेल तर ६८ मेट्रिक टन म्हणजे वर्ग ७५. डीआरडीओचा 'सर्वत्र' हा ट्रकवरून नेऊन उभारायचा लष्करी पूल मात्र एमएलसी ७०, म्हणजे सुमारे ६३.५ मेट्रिक टन.

'अर्जुन चांगला की टी-९०' हा वाद नको, आणि फक्त उघड उपलब्ध माहितीच सांगा. माझं टनांचं रूपांतर चुकतंय, की वर्गापेक्षा जड रणगाडा वेग आणि अंतराची बंधनं घालून अशा पुलावरून नेता येतो?