चार नायकांचे स्वतंत्र चित्रपट आणि मग एकत्र चित्रपट: आखणी कुठून सुरू करावी?

प्रश्न: नदीकाठ (सदाशिव पेठ, पुणे)

नमस्कार. महाविद्यालयात असल्यापासून एकांकिका स्पर्धांसाठी एकत्र लिहिणारा आमचा सहा जणांचा गट आता मराठीत सुपरहिरोंची एक चित्रपटमालिका लिहीत आहे. पात्रे चार आहेत. तालमीत घडलेला एक पैलवान, ज्याला कोणताही आघात जाणवत नाही; ढोलपथकातली एक मुलगी, जिचा ठेका ऐकू जाईल तिथवरची चालती यंत्रे बंद पडतात; पाणीपुरवठ्याच्या कामावरचा एक व्हॉल्व्हमन, ज्याच्या पावलांना जमिनीखालचे पाणी कुठून कुठे चालले आहे ते कळते; आणि नारायणगावजवळ खोडदला जी जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, तिच्यावर काम करणारी एक तंत्रज्ञ. ४५ मीटर व्यासाच्या त्या ३० तबकड्या आकाशातून जे टिपतात, ते तिला यंत्राविना ऐकू येते.

प्रत्येकाचा एक चित्रपट आणि पाचव्यात चौघे एकत्र, असा आमचा आराखडा आहे. गटात मात्र दोन मते पडली आहेत. काहींना वाटते की एकेकाची नीट ओळख झाल्याशिवाय चौघे एका पडद्यावर आल्याचा आनंद प्रेक्षकाला मिळणारच नाही. उरलेल्यांचे म्हणणे असे की मराठीत पाचव्या चित्रपटापर्यंत पोहोचण्याची हमी कुणीच देऊ शकत नाही, तेव्हा चौघांची गाठ पहिल्याच चित्रपटात घालून द्यावी. एक निर्माते पहिल्या चित्रपटासाठी तयार आहेत. पुढचे त्याच्या धंद्यावर ठरेल, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आहे. अशा परिस्थितीत क्रम कोणता धरावा, आणि पहिल्या चित्रपटात पुढच्यांची बीजे किती पेरावीत? ज्यांनी पटकथेचे किंवा निर्मितीचे काम केले आहे, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर: लेखनिक (एरंडवणे)

क्रमाचा वाद तुम्ही जिथून सुरू केला आहे, त्याच्या एक पायरी आधी जावे असे मला वाटते. या चौघांपैकी एकट्याला, दोघांना किंवा तिघांनाही पेलणार नाही, असे नेमके कोणते संकट एकत्र चित्रपटात आहे, हे एका वाक्यात लिहिता येते का? ते येत नसेल, तर आधीचे चार चित्रपट कितीही चांगले झाले तरी पाचव्यात चौघे नुसते शेजारी उभे राहतील.

सुपरहिरोंचे चित्रपट काढणाऱ्या मार्व्हल या अमेरिकी कंपनीचा दाखला तुमच्या गटात दिला गेलाच असेल, पण त्यातली पैशाची बाजू सहसा सांगितली जात नाही. २००५ मध्ये त्या कंपनीने मेरिल लिंच या वित्तसंस्थेमार्फत साडेबावन्न कोटी डॉलरची कर्जाची सोय करून घेतली आणि त्यासाठी दहा पात्रांचे चित्रपटहक्क तारण ठेवले. म्हणजे एकापाठोपाठ एक चित्रपट काढण्याची तरतूद पहिला चित्रपट पडद्यावर येण्याच्या तीन वर्षे आधीच झाली होती. त्यानंतर २००८ मध्ये ‘आयर्न मॅन’ आणि ‘द इन्क्रेडिबल हल्क’, २०१० मध्ये ‘आयर्न मॅन २’, २०११ मध्ये ‘थॉर’ आणि ‘कॅप्टन अमेरिका’, आणि सहावा, २०१२ चा ‘द अव्हेंजर्स’, हा एकत्र चित्रपट. तुमच्याकडे एका चित्रपटाचा निर्माता आहे. त्यामुळे त्यांचा क्रम जसाच्या तसा उचलणे तुम्हाला शक्य नाही, आणि त्याची गरजही नाही.

उचलण्याजोगी गोष्ट दुसरीच आहे. ‘आयर्न मॅन’च्या श्रेयनामावलीनंतर पुढे या नायकांना एकत्र आणणारा निक फ्युरी येऊन जो छोटा संवाद करतो, तो काढून टाकला तरी चित्रपटाचे काहीच बिघडत नाही. पुढच्या चित्रपटांचा सगळा भार त्यांनी त्या एका प्रवेशावर आणि कूलसन नावाच्या एका सरकारी माणसावर टाकला. हा कूलसन साध्या सुटात वावरतो, त्याला कोणतीही शक्ती नाही. पहिल्या चित्रपटात तो अपॉइंटमेंट मागत फिरतो, मग ‘आयर्न मॅन २’मध्ये येतो, मग ‘थॉर’मध्ये, आणि ‘द अव्हेंजर्स’मध्ये त्याचा मृत्यू झाल्यावरच आपसात भांडणारे नायक एका कामाला लागतात. चार वर्षे प्रेक्षकाच्या नजरेसमोर असलेला माणूस गेल्यामुळे तो प्रसंग पोहोचतो. मराठीत असे पात्र उभे करायला एक चांगला चरित्र अभिनेता पुरतो. व्हीएफएक्सचा एक रुपयाही लागत नाही. तुमच्या चारही कथांतून सहज जाऊ शकेल असा माणूस शोधा: पाण्याचा टँकर चालवणारा, पंचनाम्याला येणारा हवालदार, एखाद्या वर्तमानपत्राचा पुरवणी संपादक. माझ्या मते तुमचा सर्वांत महत्त्वाचा पाचवा माणूस हाच आहे.

उलट बाजूचे उदाहरण २०१६ च्या ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’चे घ्या. त्यात वंडर वुमन संगणकावर काही फिती उघडते आणि फ्लॅश, ॲक्वामॅन व सायबॉर्ग अशी तिघांची ओळख त्या पाहता पाहता उरकली जाते. कथा तिथे थांबते आणि पुढच्या चित्रपटाची जाहिरात सुरू होते. पुढच्याच वर्षी ‘जस्टिस लीग’ आला, तेव्हा या तिघांपैकी एकाचाही स्वतंत्र चित्रपट आलेला नव्हता, आणि ते अनोळखीपण त्या चित्रपटाला सतत जाणवत राहते. युनिव्हर्सलने तर २०१७ च्या मे महिन्यात ‘डार्क युनिव्हर्स’ या नावाने, आपल्या जुन्या भयपटांतल्या पात्रांच्या नियोजित मालिकेसाठी, पुढच्या चित्रपटांतल्या तारकांचे एकत्र छायाचित्रही प्रसिद्ध केले. जूनमध्ये ‘द ममी’ आला, अपेक्षेला उतरला नाही, आणि ती योजना तिथेच बारगळली. त्याच स्टुडिओने २०२० मध्ये ‘द इनव्हिजिबल मॅन’ हा कशाशीही न जोडलेला, कमी खर्चाचा चित्रपट आणला आणि तो उत्तम चालला.

म्हणून माझे मत असे: पहिला चित्रपट एकाच पात्राचा, पूर्ण, स्वतःच्या पायावर उभा राहणारा असावा. त्यात पुढच्यासाठी एकच धागा मोकळा ठेवावा, आणि तोही असा की दुसरा चित्रपट झालाच नाही तरी कुणाला तो लोंबकळताना दिसू नये. तमिळ दिग्दर्शक लोकेश कनगराज यांचा २०१९ चा ‘कैथी’ पाहा. एका रात्रीत घडणारी, गाण्यांशिवायची ती गोष्ट तिथेच पुरी होते. २०२२ मध्ये ‘विक्रम’ आला, तेव्हा तिच्यातला पोलीस अधिकारी आणि अमली पदार्थांची टोळी या नव्या कथेत आली आणि दोन्ही चित्रपट एका जगातले ठरले. आपल्या खर्चाच्या आवाक्यातला रस्ता हा आहे.

उत्तर: तारीखवही (कर्वेनगर)

मी निर्मितीच्या बाजूने काम करतो, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो. वरचे मत मला मान्य आहे, पण पटकथेच्या पहिल्या ओळीआधी एक कागद व्हायला हवा. तुम्ही सहा जण लिहीत आहात. पात्रे कुणाची?

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातले कलम १९ सर्वांनी मिळून वाचा. हक्कांचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असावे लागते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर हस्तांतर भारतापुरते मानले जाते. शिवाय, करारात वेगळे काही म्हटलेले नसेल, तर हक्क घेणाऱ्याने एका वर्षात ते वापरले नाहीत म्हणजे ते संपुष्टात येतात. एका चित्रपटाच्या करारात या गोष्टींकडे दुर्लक्ष झाले तरी निभावते. आठ-दहा वर्षे चालणाऱ्या मालिकेत तीच गोष्ट गळ्याशी येते. तुमच्या निर्मात्यांना पहिला चित्रपट द्या, पण ती पात्रे पुढे वापरण्याचा हक्क कुणाकडे राहील, हे त्याच करारात वेगळ्या कलमात लिहून घ्या. निर्माता भला असेल तर त्यालाही हे हवेच असते. वकिलाला दाखवल्याशिवाय मात्र सही करू नका.

दुसरा मुद्दा कलाकारांच्या तारखांचा. आपल्याकडे चांगला नट एकाच वेळी मालिकेच्या चित्रीकरणात, नाटकाच्या दौऱ्यावर आणि दोन चित्रपटांत असतो. चौघांच्या तारखा एकत्र जुळवणे हे पाचव्या चित्रपटाचे सर्वांत अवघड काम ठरेल. पहिल्या करारातच पुढच्या चित्रपटासाठी किती दिवस आणि किती आधी कळवल्यावर, एवढे लिहून ठेवावे. एवढे करूनही माणसे बदलतात. हल्कच्या भूमिकेत २००८ मध्ये एडवर्ड नॉर्टन होता, २०१२ मध्ये मार्क रफलो आला, आणि प्रेक्षकांनी त्याला स्वीकारले. तेव्हा पात्राची ओळख चेहऱ्याइतकीच त्याच्या वस्तूंत, चालीत आणि सवयीत ठेवा. तुमच्या ढोलवालीचा ढोल पहिल्या चित्रपटानंतर भाड्याच्या सामानाबरोबर परत जाऊ देऊ नका. त्याच्या दोऱ्यांचा रंग, पानावरचा डाग, टिपरूची झिजलेली बाजू, कमरेला बांधायच्या पट्ट्याची गाठ, सगळ्याची छायाचित्रे कंटिन्युटीच्या फाईलमध्ये असू द्या. तीन वर्षांनी तोच ढोल पडद्यावर आला की प्रेक्षक आधी ढोल ओळखतो आणि मग तिला.

उत्तर: पहिला खेळ (कोथरूड)

मी या क्षेत्रातला नाही, प्रेक्षक आहे. मराठी प्रेक्षक मालिकेसाठी पुन्हा पुन्हा चित्रपटगृहात येत नाही, असे गृहीत धरून तुमच्यातले काही जण घाबरत असतील, तर तसे समजू नये. दिग्पाल लांजेकर यांनी शिवकालावर आठ चित्रपटांचा संकल्प सोडला आणि ‘फर्जंद’ (२०१८), ‘फत्तेशिकस्त’ (२०१९), ‘पावनखिंड’ व ‘शेर शिवराज’ (२०२२), ‘सुभेदार’ (२०२३) असे पाच चित्रपट एकाच महाराजांना, म्हणजे चिन्मय मांडलेकर यांना, घेऊन केले. प्रत्येकात एकच मोहीम आहे, त्यामुळे मधला एखादा चुकला तरी अडत नाही.

तरीही मला दुसऱ्या बाजूचे म्हणणे पटते. महाराजांची ओळख करून द्यावी लागत नाही. तुमचा व्हॉल्व्हमन कुणालाच माहीत नाही. २०१४ च्या ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’मधली पाचही पात्रे बहुतेक प्रेक्षकांना नवी होती. ती तुरुंगात एकत्र येतात, पळून जाण्याची युक्ती आखतात, आणि त्या आखणीतच प्रत्येकाचा स्वभाव कळून चुकतो. एकेकाचा वेगळा चित्रपट तिथे लागला नाही. तुमच्या चौघांपैकी निदान दोघांना पहिल्याच चित्रपटात आणता येणार नाही का?

पुन्हा: नदीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. करारांचा मुद्दा आमच्या चर्चेत आलाच नव्हता. सहा जणांमधला लेखी करार आता सर्वांत आधी करतो. दोघांच्या चित्रपटाची कल्पनाही गटाला आवडली. एक शंका आहे. चौघांच्या शक्तींचे मूळ एकच असावे, असा आमचा विचार होता आणि त्यासाठी १२ जुलै १९६१ ची पानशेतची घटना घ्यावी, असे काहींना वाटते: त्या पुरात सापडलेल्या चार घरांची ही नातवंडे. हे योग्य होईल का?

उत्तर: लेखनिक (एरंडवणे)

पानशेतबद्दल माझे मत स्पष्ट आहे. पुण्यात अजूनही अशी घरे आहेत जिथे त्या दिवसाची आठवण माणसे गेल्याची आठवण आहे. त्या पाण्यातून कुणाला शक्ती मिळाली असे दाखवणे मला रुचत नाही. पूर कथेत जरूर असावा, पण नातवंडांपर्यंत पोहोचलेली भीती म्हणून, किंवा जबाबदारी म्हणून. व्हॉल्व्हमनच्या आजोबांनी त्या सकाळी काय पाहिले, हे एका प्रवेशात आले तर तो माणूस पाण्याकडे असा का पाहतो, ते समजेल. शक्तींचे मूळ चौघांचे चार असले तरी बिघडत नाही. थॉर आणि आयर्न मॅन यांचे मूळ तरी कुठे एक आहे?

त्यापेक्षा शक्ती एकमेकींच्या आड कशा येतात, ते शोधा. ‘द अव्हेंजर्स’मध्ये जंगलातल्या भांडणात थॉर वीज पाडतो आणि आयर्न मॅनचे चिलखत मोडण्याऐवजी त्यात चौपट ऊर्जा भरते. दोघे शत्रूसारखे लढत असतानाच त्यांच्या जोडीची ताकद प्रेक्षकाला दिसते. न्यूयॉर्कच्या लढाईत कॅमेरा न तुटता एका नायकाकडून दुसऱ्याकडे जातो, आयर्न मॅनचा किरण कॅप्टनच्या ढालीवर आपटून शत्रूवर वळतो, तेव्हा त्या क्षणाची तयारी आधीच झालेली असते. तुमच्याकडे हे सगळे आयते पडले आहे. जिला आकाशातले क्षीण संकेत ऐकू येतात, तिला ढोलाचा आवाज असह्य होणार. आणि ढोलाने यंत्रे बंद पडली की शहराचा विजेचा, मोबाइलचा सगळा कलकलाट थांबणार, म्हणजे ठेका संपल्यानंतरच्या काही क्षणांत तिला पूर्वी कधीच ऐकू आले नव्हते ते ऐकू येणार. एकीची शक्ती दुसरीला आधी यातना देते आणि मग वाट मोकळी करते. पहिला चित्रपट या दोघींचा करा. पैलवान आणि व्हॉल्व्हमन यांना वेळ आहे.

उत्तर: तारीखवही (कर्वेनगर)

दोघींचा चित्रपट निर्मितीच्या दृष्टीनेही सोयीचा आहे, कारण दोन्ही शक्ती बहुतांशी ध्वनीतून दाखवता येतात. खर्च साउंड डिझाइनवर करा आणि त्या माणसाला पटकथेच्या टप्प्यापासूनच बरोबर घ्या. जीएमआरटी ही चालती संशोधन संस्था आहे आणि तिथे रेडिओ लहरींचा अडथळा चालत नाही. वायरलेस माइक आणि वॉकीटॉकी घेऊन युनिट आत नेता येईल, असे धरून प्रवेश लिहू नका. तबकड्या दुरून घ्या, आतला कक्ष सेटवर उभारा. ढोलपथकांचे सराव गणपतीच्या दीडदोन महिने आधी नदीपात्रात सुरू होतात. खरी मिरवणूक तुमच्या सोयीने थांबणार नाही, पण सरावाचे पथक विश्वासात घेतले तर रीटेक मिळतो. त्यामुळे संहिता यंदा उन्हाळ्याआधी पुरी झाली नाही, तर चित्रीकरण थेट पुढच्या वर्षावर जाईल, हे निर्मात्यांना आत्ताच सांगून ठेवा.