एमएस्सी फिजिक्सनंतर पीएचडी : थिअरी की एक्सपेरिमेंटल?

कोयनाकाठ
एमएस्सीचं शेवटचं सेमिस्टर चालूये. नेट परीक्षेत जेआरएफ (पीएचडीसाठीची सरकारी फेलोशिप) थोडक्यात हुकली, फक्त पीएचडी ॲडमिशनच्या कॅटेगरीत नाव आलंय, जेस्टचा (फिजिक्स पीएचडीची प्रवेश परीक्षा) पण फॉर्म भरलाय. मला थिअरीच करायचीये पण डिपार्टमेंटमधले सर म्हणतात एक्सपेरिमेंटल घे, निदान नोकरी तरी लागेल. घरी बाबांचं एकच, अजून पाच वर्षं शिकणार मग कमावणार कधी? कुणी करत असेल तर खरं काय ते सांगा, मोटिवेशन नकोय.

लीक_डिटेक्टर
जेआरएफला 2023 पासून महिना 37,000 आहेत, दोन वर्षांनी एसआरएफ (सीनियर फेलो) झालं की 42,000, त्यामुळे बाबांना सांग की अगदीच बिनपगारी नाही. पण तुझ्या कॅटेगरीत नुसती ॲडमिशन, फेलोशिप नाही. ती इन्स्टिट्यूट देणार की गाईडच्या प्रोजेक्टमधून येणार हे आधीच लेखी विचारून घे. आणि आली तरी दर महिन्याला येईल या भ्रमात राहू नको, आमच्याकडे चार-चार महिने अडकते, मेसवाला मात्र एक तारखेला हजर.

मी एक्सपेरिमेंटलवाला, थिन फिल्म्सवर (पदार्थाचे अतिपातळ थर) आहे. चेंबरमध्ये नीट व्हॅक्यूम होईना की हेलियमची नळी घेऊन एकेका जॉइंटवर सोडत बसायचं, डिटेक्टर कुठे ओरडतो ते बघायचं, लीक सापडली की फ्लँज (जोडाची चकती) उघडा, तांब्याची गॅस्केट नवीन टाका (एकदा आवळलेली परत चालत नाही), परत पंपिंग, परत बेकिंग (चेंबर तापवून आतला ओलावा घालवणं), गेला आठवडा. फिजिक्स त्याच्यानंतर. पण हाताला काम येतं हे सरांचं खरंय.

खोडद_रिटर्न
दोनच रस्ते कोणी सांगितले? मी रेडिओ ॲस्ट्रॉनॉमीत, डेटा जीएमआरटीचा, म्हणजे पुण्याजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचा. खोडदला 45 मीटरच्या 30 डिश बघून भारी वाटतं, पण दिवस जातो तो स्क्रीनसमोर, डेटात घुसलेला माणसांच्या रेडिओ सिग्नल्सचा कचरा फ्लॅग करण्यात, म्हणजे खूण करून बाजूला काढण्यात. पायथन आपोआप येतं. आमचे एक-दोन सीनियर पुढे सरळ डेटा सायन्समध्ये गेले, सुखात आहेत.

जुना_खडू
थिअरीला जागा कमी नि रांग मोठी, हे मान्य करूनच ये. पण सर म्हणाले म्हणून लॅबमध्ये जाऊ नकोस बाई, तिसऱ्या वर्षी जीव नकोसा होतो. विषयापेक्षा गाईड बघ. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना थीसिसला किती वर्षं लागली ते कॅंटीनमध्ये विचार, गाईडसमोर कुणी खरं बोलणार नाही. यूजीसीच्या 2022 च्या नियमात जास्तीत जास्त सहा वर्षं आहेत, काही गाईड ती पुरेपूर वापरतात 😄

कोयनाकाठ
थँक्यू सगळ्यांना. फेलोशिपचं लेखी म्हणजे गाईडला विचारू की ऑफिसला? आणि जेआरएफला परत बसू का?

लीक_डिटेक्टर
मेल गाईडला टाक, सीसीत ऑफिस. आणि बस की परत, मुलींना वयात पाच वर्षं सूट आहे.