एनएफएल वाढलं म्हणजे एमएसच असं नाही
काही जण म्हणतात की आता रक्तातलं न्यूरोफिलामेंट लाइट चेन म्हणजे एनएफएल मोजलं की एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मणक्यातल्या मज्जातंतूंचं आवरण खराब करणारा आजार) कळतो, पाठीतून मेंदू-मणक्याभोवतीचं पाणी काढायची गरज उरली नाही. हे मला पटत नाही. एनएफएल हे मज्जातंतूच्या आतलं प्रोटीन, तंतूला इजा झाली की बाहेर पडतं, मग ती इजा एमएसने होवो, स्ट्रोकने होवो की डोक्याला मार लागून, आणि वयाबरोबर तर ते तसंही वाढतंच. आजार किती भडकलाय, औषध लागू पडतंय का, हे बघायला फार कामाचं आहे, पण आजार कुठला ते त्यावरून सांगता येत नाही.

मी लॅबमध्ये ऑलिगोक्लोनल बँड्स, म्हणजे एमएसच्या निदानासाठी बघतात त्या अँटिबॉडीजच्या रेघा, वाचायचं काम बरीच वर्षं केलंय. पेशंटचं पाठीतून काढलेलं पाणी आणि त्याच वेळचं रक्त शेजारी शेजारी चालवायचं आणि ज्या बारीक रेघा पाण्यात आहेत पण रक्तात नाहीत तेवढ्याच मोजायच्या. एखादी रेघ इतकी फिकट असते की दोघांनी वेगवेगळं बघून मग ठरवावं लागतं, आणि सोबत रक्त आलंच नसेल तर त्या रेघांचा अर्थच लावता येत नाही, याचा फार त्रास व्हायचा कारण पेशंटने सुई सोसलेली असते. म्हणून कप्पा फ्री लाइट चेनची (अँटिबॉडीच्या एका सुट्या भागाची) टेस्ट मला मोलाची वाटते, ती मशीनवर थेट आकड्यात येते, आणि एमएसचं निदान ठरवायच्या मॅकडोनाल्ड निकषांच्या २०२४ च्या सुधारणेत ती बँड्सना पर्याय म्हणून घेतलीय. पाणी मात्र तिलाही लागतंच.