चर्चा: म्हातारं माणूस सांगू शकत नसेल, तर दुखण्याची गोळी ठरल्या वेळी द्यावी का?

पांदण:
लकवा मारलेलं किंवा स्मृतिभ्रंश झालेलं माणूस बाजेवर असतं. "दुखते का?" विचारलं की "नाही" म्हणतं, नाहीतर नुसतं बघत राहतं. मग आंघोळीला हात झटकतं, चावतं, रात्रभर ओरडतं. घरचे म्हणतात आबाजी चिडखोर झाले, आणि झोपेची गोळी सुरू होते. गोळीनं माणूस सुस्त पडतं, दुखणं जिथल्या तिथं राहतं. माझं मत स्पष्ट आहे: वागणं अचानक बदललं तर आधी दुखतंय असंच समजा आणि पॅरासिटामॉल ठरल्या वेळी द्या. मागायची वाट पाहू नका, ते मागणार नाहीत.

ओळखायला पेनॅड नावाची मोजणी आहे. श्वास, कण्हणं-ओरडणं, चेहरा, अंगाची ठेवण आणि समजूत घातल्यावरही शांत न होणं, या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण. एकूण १०. पाचेक मिनिटं नीट बघायचं, तेही कूस बदलताना. निजलेल्या माणसाचा आकडा ० येईल आणि त्यालाच उठवून बसवताना ६ येईल. कपाळाच्या आठ्या, घट्ट मिटलेले डोळे, आवळलेली मूठ, पोटाशी ओढलेले गुडघे बघा. गोळीनंतर तासाभरानं पुन्हा मोजा.

नॉर्वेतल्या वृद्धाश्रमांत स्मृतिभ्रंशाच्या ३५२ जणांवर झालेला अभ्यास २०११ साली छापून आला. वेदनेवर पायरीपायरीनं औषध दिलं, बहुतेकांना पॅरासिटामॉलच. आठ आठवड्यांत चिडचिडीचा आकडा नेहमीच्या उपचारांपेक्षा १७ टक्के कमी होता.

बाभूळबन:
पांदणभाऊ, झोपेच्या गोळीबद्दल शंभर टक्के सहमत. पण नॉर्वेच्या आश्रमात चोवीस तास नर्स असते. आपल्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत घर सकाळी रिकामं होतं ते संध्याकाळीच भरतं. अशा घरात ठरल्या वेळची गोळी म्हणजे कारण झाकायची सोय.

पेनॅड तुम्हाला ७ आकडा देईल, कुठं दुखतं ते सांगणार नाही. गोळीआधी डोक्यापासून पायापर्यंत हात फिरवा. तोंड उघडून बघा: छाले, पांढरा थर, टोचणारी कवळी. बेंबीखाली घट्ट गोळा लागला आणि लघवी थेंबथेंब होत असेल तर लघवी तुंबली आहे. नळी असेल तर ती पिळली का, पिशवी वर टांगली का ते बघा. तीन दिवस संडास नसेल तर तेच कारण असू शकतं. यात फसगत होते ती अशी, की आत खडा अडकतो, त्याच्या कडेनं पातळ गळतं, आणि घरचे जुलाब समजून थांबायची गोळी देतात. माकडहाड आणि टाचा उजेडात बघा. एक पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेर वळलंय? खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं, पडल्याचं कुणी सांगो न सांगो. त्याला पॅरासिटामॉल देऊन बाजेवर ठेवाल काय?

शिवाय गोळीनं ताप दबतो. छातीतला कफ, लघवीचा संसर्ग, सगळं दोन दिवस उशिरा कळतं.

सिस्टरताई:
दोघांचंही एक सुटलं. लकव्याच्या बाजूचा खांदा. उठवताना घरचे काखेत हात घालून किंवा मनगट धरून ओढतात. सैल पडलेला खांदा सांध्यातून खाली सरकतो आणि दुखणं कायमचं बसतं. एक हात पाठीमागं खांद्याच्या फऱ्याखाली, दुसरा कमरेला, असं उठवा. बसल्यावर तो हात उशीवर टेकवा, लोंबू देऊ नका. निम्मी ओरड इथंच थांबते.

आणि सुईचा आग्रह सोडा. डायक्लोफेनॅकची सुई पटकन उतार देते म्हणून गावोगाव मागणी असते. लकव्याच्या माणसाला आधीच ॲस्पिरिन चालू असतं, त्यात ही सुई म्हणजे पोटात रक्तस्रावाचा धोका. मे महिन्यात पाणी कमी प्यायलेलं, बीपीची गोळी चालू असलेलं म्हातारं शरीर असेल तर मूत्रपिंडावर येते.

पांदण:
बाभूळबन, तपासणी आधी हे मान्य. पण तपासणीत काही सापडलं नाही म्हणून माणूस कण्हत ठेवायचा, हे मान्य नाही. गुडघे झिजलेले, सांधे आखडलेले, ही कारणं हाताला लागत नाहीत.

तापाचं उत्तर सोपं आहे: डोस देण्याआधी थर्मामीटर लावा, आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. वजन ५० किलोच्या खाली असेल तर ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, दिवसात चारपेक्षा जास्त नाही, दोन डोसांत किमान चार तास. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते धरून मोजा. दारू पिणारा किंवा कावीळ झालेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. शेतावर जाणाऱ्या घरात तीन डोस जमतात: पहाटे, संध्याकाळी परतल्यावर, निजताना. पहाटेचा डोस आंघोळीच्या तासभर आधी. तीन दिवसांत पेनॅडचा आकडा हलला नाही तर गोळी वाढवू नका, डॉक्टरांना घरी आणा.

बाभूळबन:
तीन दिवसांची मुदत घातलीत तर माझा विरोध बराच कमी होतो. खुबा, तुंबलेली लघवी आणि ताप मात्र त्यातून वगळा, तिथं त्याच दिवशी दवाखाना.

धुऱ्यावरचा:
खर्ऱ्यानं तोंडाचा कॅन्सर झालेल्यांचं काय? जीभ गेली की तेही बोलू शकत नाहीत. तिथं पॅरासिटामॉलवर रेटणं मला क्रूर वाटतं. मॉर्फिनच लागतं. पण घरात दारुडा पोरगा असताना ती गोळी ठेवायची कशी?

सिस्टरताई:
दादा, तो बोलू शकत नसला तरी बोटांनी आकडा दाखवतो, ० ते १०. त्याला विचारा, अंदाज बांधू नका. अमली पदार्थांच्या (एनडीपीएस) कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली, मान्यताप्राप्त संस्थेतून मॉर्फिन मिळतं. साधी गोळी दर चार तासांनी, अशक्त माणसाला २.५ ते ५ मिलिग्रॅमपासून, मूत्रपिंड खराब असेल तर आणखी जपून, हे डॉक्टर ठरवतील. साधी गोळी कुटून अन्नाच्या नळीतून देता येते, हळूहळू सुटणारी कधीच कुटायची नाही. संडास साफ होण्याची गोळी पहिल्याच दिवसापासून, नाहीतर संडास अडून चौथ्या दिवशी पोट दुखतं म्हणून घरचे मॉर्फिनच बंद करतात. हाक मारून जाग येत नाही, श्वास मिनिटाला दहाच्या खाली, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, असं दिसलं तर पुढचा डोस थांबवून लगेच १०८.

पोरग्याचं म्हणाल तर एका वेळी आठवड्याचाच साठा घ्या. डबा कुलपात, किल्ली एकाच बाईच्या कमरेला. रोज संध्याकाळी गोळ्या मोजून वहीत लिहा, आणि उरलेल्या परत करताना तीच वही दाखवा.